कुर्बानी : रक्त, मांस आणि अंतःकरण

या मालिकेत आपण सणांकडे इतिहासाच्या वाटेने जात आहोत. सण कसा साजरा करतात हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. तो कुठून आला, त्याचा अर्थ काळाप्रमाणे कसा बदलला आणि ज्यांनी तो मनापासून पाळला त्यांना त्यात काय दिसलं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. आज आपण बकरी ईदविषयी बोलणार आहोत. हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी कानावर येतात. एक म्हणजे बोकडाची किंमत आणि दुसरी म्हणजे वाद. या दोन्हींच्या मागे एक मोठा, चौदाशे वर्षं चाललेला विचार आहे. तो समजून घेतला नाही, तर सणाचं कौतुकही वरवरचं होतं आणि टीकाही.

सुरुवात नावापासून करू. अरबीत या सणाला ईद-उल-अज़हा म्हणतात, इराणात ईद-ए-कुर्बान आणि तुर्कस्तानात कुर्बान बायरामी. इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना जिल्हिज्ज. त्याच्या दहाव्या तारखेला, म्हणजे रमजान ईदनंतर साधारण सत्तर दिवसांनी, ही ईद येते. त्याच दिवसांत मक्केजवळ हज चाललेली असते. हाजी मिना इथे कुर्बानी करतात आणि जगभरचे मुसलमान आपापल्या गावी.

आता 'कुर्बान' हा शब्द पाहा. त्याचा धातू आहे क-र-ब, म्हणजे जवळ असणं. हिंदी-उर्दूतला 'करीब' आपल्याला माहीत आहे, तो याच घरातला. हिब्रूतही 'कोर्बान' हा शब्द अर्पणासाठी आहे आणि त्याचाही धातू हाच. म्हणजे मूळ शब्दात रक्त नाही, सुरी नाही, जनावर नाही. ज्याच्यामुळे माणूस देवाच्या जवळ जातो ते कुर्बान. मराठीत आपण बळी देतोही आणि बळी घेतोही. कुर्बानी मात्र कोणी 'घेत' नाही, ती फक्त देतात. हा फरक भाषेने आपोआप जपलेला आहे. आजच्या बोलण्याचा सगळा गाभा एका अर्थी एवढाच आहे : माणूस नेमकं काय देतो?

बाप, मुलगा आणि स्वप्न

या सणामागची कथा इब्राहिमची. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेतले अब्राहम ते हेच. म्हातारपणी मुलगा झाला, तो जरा हाताशी आला आणि देवाने त्याचाच बळी मागितला, ही कथा तिन्ही धर्मांत आहे. पण ती सांगण्याची रीत वेगळी आहे आणि त्या वेगळेपणातच अर्थ आहे.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, मुलाचं नाव इसहाक आहे. देव थेट आज्ञा करतो. बाप मुलाला घेऊन मोरिया प्रदेशातल्या डोंगराकडे निघतो आणि तिसऱ्या दिवशी ती जागा त्याला दिसते. वाटेत मुलगा विचारतो की लाकडं आहेत, विस्तव आहे, पण कोकरू कुठे आहे? बाप त्याला खरं काय ते सांगत नाही. ही कथा वाचताना अंगावर काटा येतो तो या न सांगण्यामुळे.

कुराणात हीच कथा साफ्फात या ३७ व्या सूरेत मोजक्या आयतींमध्ये येते. तिथे तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, आज्ञा आवाजातून येत नाही, ती स्वप्नात दिसते. दुसरी, बाप मुलाला स्वप्न सांगतो आणि तुला काय वाटतं असं विचारतो. मुलगा होकार देतो आणि आपण धीर धरू असं सांगतो. तिसरी, मुलाचं नावच दिलेलं नाही. पुढे दोघांनीही स्वतःला सोपवलं असं म्हणताना कुराण जे क्रियापद वापरतं, त्याच धातूपासून 'इस्लाम' हा शब्द आला आहे. मग पुकारा होतो की तू स्वप्न खरं करून दाखवलंस, आणि मुलाच्या बदल्यात एक मोठं अर्पण दिलं जातं.

मुलाला विचारलं गेलं ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यामुळे सगळी कथा बदलते. इथे बळी जाणारा आणि बळी देणारा असे दोन पक्ष राहत नाहीत. देणारे दोघं आहेत. बापाने आपलं सर्वात लाडकं माणूस देऊ केलं, मुलाने स्वतःला देऊ केलं.

हा मुलगा कोण, यावर पहिल्या काही शतकांत मुसलमान विद्वानांमध्ये मतभेद होते. इ. स. ९२३ मध्ये वारलेले थोर भाष्यकार तबरी यांचा कल इसहाककडे होता. १३७३ मध्ये वारलेले इब्न कसीर यांनी इस्माईलचा पक्ष ठामपणे मांडला. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा असा की त्याच सूरेत ही कथा संपल्यावर पुढे इसहाकच्या जन्माची शुभवार्ता येते, म्हणजे आधीचा मुलगा दुसराच असला पाहिजे. शिवाय मक्का, काबा आणि जमजमची विहीर यांच्या कथा इस्माईल आणि त्याची आई हाजरा यांच्याशी जोडलेल्या आहेत. हळूहळू इस्माईलचं नाव सर्वमान्य झालं. पण एवढा महत्त्वाचा भाष्यकार वेगळं मत मांडू शकला आणि त्याचा मान कमी झाला नाही, हे आपण लक्षात ठेवू. नाव हा कथेचा गाभा नव्हता.

खरा अवघड प्रश्न दुसराच होता. न्यायी देव बापाला पोटचा पोर मारायला सांगेल का? बुद्धिवादी मुअतजिला पंथाच्या पंडितांना हे पटणं कठीण होतं. त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं असं की आज्ञा मारण्याची नव्हतीच, फक्त तयारीची होती आणि इब्राहिमने ती पुरी केली. अशअरी पंथाचे लोक म्हणत की आज्ञा होती, पण अमलात येण्याआधीच ती मागे घेतली गेली. १२४० मध्ये वारलेले सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यांनी तर वेगळीच दिशा धरली. स्वप्न खुणांची भाषा बोलतं, त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि इब्राहिमने ते अक्षरशः घेतलं, असं ते मांडतात. स्वप्नात मुलाच्या रूपात जो दिसला तो मुळात मेंढाच होता. हे सगळं श्रद्धेच्या चौकटीत राहून, उघडपणे लिहिलं गेलं. धर्मात प्रश्न विचारायचे नसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही पानं जरूर चाळावीत.

मक्केतली जुनी रीत

आता कथेकडून इतिहासाकडे येऊ. इस्लामच्या आधी अरबस्तानात बळी दिले जात होतेच. देवतांच्या दगडांपाशी जनावरं कापत. काब्यावर मांस ठेवत आणि रक्त शिंपडत, असं जुन्या भाष्यकारांनी नोंदवलं आहे. देवाला काही चारायचं, त्याचा कोप शांत करायचा, नवस फेडायचा, असा तो व्यवहार होता.

नवस माणसावरही जाई. पैगंबरांच्या सर्वात जुन्या चरित्रात, इब्न इसहाक यांच्या ग्रंथात, एक कथा येते. पैगंबरांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी नवस केला होता की दहा मुलगे झाले आणि हाताशी आले, तर एक काब्यापाशी अर्पण करीन. पुढे बाणांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं अब्दुल्लाचं, म्हणजे पैगंबरांच्या वडिलांचं. लोकांनी अडवलं. मग मुलगा एका बाजूला आणि दहा उंट दुसऱ्या बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाकल्या. कौल मुलावरच येत राहिला आणि दरवेळी दहा-दहा उंट वाढवत गेले. शंभरावर कौल उंटांवर आला आणि अब्दुल्ला वाचला. ही आख्यायिका किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या समाजाच्या स्मरणात माणसाचा बळी ही फार दूरची गोष्ट नव्हती, एवढं त्यातून नक्की कळतं.

या पार्श्वभूमीवर कुराणाच्या हज नावाच्या २२ व्या सूरेतली ३७ वी आयत किती वेगळी आहे ते पाहा. जनावराचं मांस देवापर्यंत पोचत नाही, रक्तही पोचत नाही, पोचतो तो तुमचा तक्वा, असा तिचा आशय आहे. 'तक्वा' या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. मुळात स्वतःला सांभाळणं, जपणं असा अर्थ. देव पाहतो आहे याचं भान ठेवून वागणं म्हणजे तक्वा. मग मांसाचं काय करायचं? तेही त्याच सूरेत आहे. स्वतः खा आणि गरजूंना खाऊ घाला. जो मागतो त्यालाही आणि जो संकोचाने मागत नाही त्यालाही.

म्हणजे दोन वाटा स्पष्ट झाल्या. देवाकडे जायचं ते मनातलं, आणि मांस जायचं ते शेजाऱ्याकडे. मध्ये देवाचं म्हणून वेगळं काढायला काही उरलंच नाही.

बळीविषयी असा विचार करणारा इस्लाम एकटा नाही. मला यज्ञ नको, दया हवी, असं देव म्हणतो हा विचार यहुदी संदेष्टा होशेयाने कितीतरी आधी मांडला होता. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि यहुद्यांचे पशुबळी थांबले. त्यांची जागा प्रार्थनेने आणि अभ्यासाने घेतली. आपल्याकडे दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात बुद्ध एका ब्राह्मणाला, ज्यात एकही जनावर मारलं जात नाही अशा यज्ञाची गोष्ट सांगतात आणि मग त्याहून श्रेष्ठ यज्ञ म्हणून दान, शील, ध्यान यांकडे नेतात. उपनिषदांनीही यज्ञ माणसाच्या आत नेला. इस्लामने यात मधली वाट घेतली. कृती ठेवली, पण तिचा अर्थ बदलला. सुरी राहिली; सुरीला देव भुलतो ही समजूत गेली. निदान जावी अशी अपेक्षा होती.

नियमांमधली माणुसकी

धर्मशास्त्राचे नियम म्हणजे कोरडा कारभार, असं आपल्याला वाटतं. पण कुर्बानीचे नियम जरा जवळून पाहिले तर त्यांत बरंच काही सापडतं.

हनफी मतानुसार ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मालमत्ता आहे त्याच्यावर कुर्बानी बंधनकारक आहे. शाफई मतात ती आग्रहाने सांगितलेली सुन्नत आहे, सक्ती नाही. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे हा फरक महाराष्ट्रातही दिसतो. बकरा किंवा मेंढा एका माणसाच्या नावाने, तर मोठ्या जनावरात सात जणांचे वाटे. जनावर आंधळं, लंगडं, आजारी, हडकुळं नको. नको असलेलं देवाच्या नावाने काढून टाकायचं, ही युक्ती इथे चालत नाही. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकाच्या देखत दुसऱ्याला कापू नये. मांसाचे तीन वाटे करावेत : घरचा, नातेवाईक-मित्रांचा आणि गरिबांचा. हे तीन वाटे म्हणजे सक्ती नव्हे, चांगली रीत. कसायाची मजुरी मांसातून किंवा कातड्यातून द्यायची नाही, ती वेगळी द्यायची. कातडं विकून पैसे स्वतः वापरायचे नाहीत. का? कारण दिलेल्या वस्तूतून आपला खर्च वळता करून घेतला, तर ते देणं राहत नाही.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांनी अखेरची हज केली. तेव्हा शंभर उंटांची कुर्बानी झाली. त्यांतले ६३ त्यांनी स्वतःच्या हाताने आणि उरलेले अलींनी कापले, असं हदीसमध्ये येतं. मांस, कातडी आणि उंटांवरच्या झुलीसुद्धा वाटून टाकायची सूचना अलींना होती. मदिनेत असताना त्यांनी दोन मेंढे कापले, एक स्वतःच्या घराण्यातर्फे आणि एक अनुयायांपैकी ज्यांना ऐपत नाही त्यांच्यातर्फे, अशीही नोंद आहे. ऐपत नसलेल्याला कमीपणा वाटू नये, याची सोय पहिल्याच पिढीत झाली होती.

आणखी एक प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. एका वर्षी मदिनेत वाळवंटातून भुकेले लोक आले. पैगंबरांनी सांगितलं की तीन दिवसांपेक्षा जास्त मांस घरात ठेवू नका, उरलेलं वाटून टाका. पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, तेव्हा त्यांनी ही बंदी उठवली; ती त्या भुकेल्यांसाठी होती, आता खा, वाटा आणि साठवाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. ईदनंतरच्या दिवसांना 'तशरीक' म्हणतात. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळत घालण्यावरून ते नाव पडलं, असं सांगितलं जातं. साठवण्याची रीत होतीच. पण दारात भूक उभी असेल तेव्हा ती थांबवता येत होती. फ्रीजर भरून ठेवण्याच्या आजच्या दिवसांत हा प्रसंग आठवायला हरकत नाही.

अबू बक्र आणि उमर हे पहिले दोन खलिफा कधीकधी मुद्दाम कुर्बानी करत नसत, असंही जुन्या नोंदी सांगतात. लोकांनी तिला सक्तीचं कर्तव्य समजू नये, हा हेतू. ऐपत असून न करणं हीही एक शिकवण होती.

सुरी कोणाच्या गळ्यावर?

सूफींनी हा धागा आणखी आत नेला. अकराव्या शतकात लाहोरात राहिलेले हुजविरी यांनी 'कश्फ-उल-महजूब' या फार्सी ग्रंथात बगदादच्या जुनैद यांची एक गोष्ट सांगितली आहे. एक माणूस हज करून जुनैदकडे आला. जुनैदनी एकेका विधीविषयी विचारायला सुरुवात केली. घरून निघालास तेव्हा पापांपासूनही निघालास का? कपडे उतरवून इहराम नेसलास तेव्हा जुने गुणही उतरवलेस का? असं करत करत ते कुर्बानीवर आले : जनावर कापलंस, तेव्हा तुझ्या वासना कापल्यास का? माणूस दरवेळी नाही म्हणत राहिला. जुनैदनी त्याला सांगितलं की मग तू कुर्बानी केलीच नाहीस. शेवटी त्यांनी त्याला पुन्हा हजला जायला सांगितलं. विधी रद्द करा असं ते म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. नीट करून ये, असं म्हणाले.

सूफींच्या भाषेत ज्याला कापायचं ते जनावर म्हणजे 'नफ्स'; आपला अहंकार, आपली हाव. १११ वर्षांचा हिशेब नको, पण साधारण त्याच परंपरेतले गजाली, जे ११११ मध्ये वारले, त्यांनी हजच्या प्रत्येक कृतीचा आतला अर्थ सविस्तर मांडला. विसाव्या शतकात इराणचे विचारवंत अली शरियती यांनी हाच प्रश्न आजच्या माणसाला विचारला : तुझा इस्माईल कोण? ज्याच्यापायी तू खरं बोलायचं टाळतोस, जबाबदारीतून पळतोस, ते काय आहे? नोकरी, मान, पैसा, रूप, पद? प्रत्येकाचा इस्माईल वेगळा आणि तो ज्याचा त्यालाच ठाऊक. मुलाला मारायचं नाही, हे तर कथेनेच सांगितलं. मुलाचं प्रेम सत्याच्या आड येऊ द्यायचं नाही.

आजचे प्रश्न

एवढा विचार ज्या सणामागे आहे, तो आज कुठे उभा आहे? मिनामध्ये लाखो जनावरं कापली जात आणि पूर्वी त्यांतलं बरंच मांस वाया जाई, पुरून टाकावं लागे. १९८३ पासून सौदी अरेबियाने इस्लामी विकास बँकेमार्फत ते मांस गोठवून गरीब देशांत पाठवण्याची योजना सुरू केली. 'गरजूंना खाऊ घाला' हे सांगणं एवढ्या मोठ्या गर्दीत पाळायचं, तर जहाजं आणि शीतगृहं लागली.

मोरोक्कोचं उदाहरण आणखी लक्षात राहण्यासारखं. दुष्काळ आणि ओढग्रस्तीमुळे १९६३, १९८१ आणि १९९६ मध्ये राजा दुसरा हसन यांनी प्रजेला कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं. २०२५ मध्ये त्यांचे पुत्र सहावे मोहम्मद यांनी पुन्हा तसंच केलं. सलग अवर्षणामुळे देशातली गुरं-मेंढरं २०१६ च्या मोजणीच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी घटली होती आणि भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले होते. राजाने सर्वांतर्फे स्वतः कुर्बानी केली. मागे सांगितलेला मदिनेतला तो मेंढा इथे आठवतो. परंपरेतच सवलतीची जागा होती. ती शोधणारा हवा होता.

आपल्याकडे २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी नमाज पढून कुर्बानी पुढच्या दिवशी करायचं ठरवलं. शास्त्रात कुर्बानीला दहावी, अकरावी, बारावी असे दिवस आहेतच, त्यामुळे नियम मोडला नाही. शेजाऱ्याच्या उपवासाचा मान राखला गेला. आमच्या मते त्या दिवशी मागे ठेवलेली सुरी ही सुद्धा कुर्बानीच होती.

हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ईदच्या निमित्ताने रक्तदान आणि आर्थिक कुर्बानीची कल्पना मांडली : बोकडाचे पैसे शिक्षणाला, गरजूंना द्या. उलेमांचं उत्तर असं की दान बारा महिने करा, त्याला कोण अडवतं? पण या तीन दिवसांची इबादत हीच आहे, तिला पैशाचा पर्याय नाही. शिवाय वर्षभर बोकड पाळून तो या बाजारात विकणाऱ्या शेतकऱ्या-धनगराचं पोट आणि वर्षात एकदाच घरात मांस शिजणारी चूल, याही खऱ्या गोष्टी आहेत. या वादाचा निवाडा व्याख्यात्याने करायचा नसतो. पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर एकत्र येऊ शकतात. लाखालाखाचा बोकड आणून त्याच्यासोबत फोटो काढणं, गल्लीत कोणाचा मोठा याची चढाओढ लावणं, याला ना सुधारकांचा पाठिंबा आहे ना शास्त्राचा. ज्या नफ्सला कापायचं, त्यालाच त्या दिवशी खुराक मिळतो.

तेव्हा मित्रहो, सांगायचं ते थोडक्यात असं. हा सण जनावर मारण्याचा उत्सव आहे असं म्हणणं अपुरं आहे, आणि जनावर कापलं की सण झाला असं मानणंही तितकंच अपुरं. मुलाला विचारणारा बाप, भुकेल्यांसाठी साठवण थांबवणारे पैगंबर, लोकांनी सक्ती समजू नये म्हणून हात आखडणारे खलिफा आणि हाजीला परत पाठवणारे जुनैद, हे सगळे एकाच प्रश्नाभोवती उभे आहेत. बोकड तर विकत मिळतो. जे विकत मिळत नाही, जे सोडताना खरोखर जीव तुटतो, त्यातलं आपण काय दिलं? हा प्रश्न फक्त मुसलमानांनी स्वतःला विचारायचा आहे असं आम्हाला वाटत नाही.